झांझिबार एप्रिल-मेमध्ये : ऑफ-सीझन डाइव्हिंग आणि ओहोटीचं गणित

सागरगोटा

आपल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागते तेव्हाच झांझिबारला मसिका, म्हणजे मोठा पावसाळा, चालू असतो. मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत. त्यातला एप्रिल सगळ्यांत ओला. हॉटेलांचे दर तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्यानेही उतरलेले असतात. ते बघून हात शिवशिवतात आणि मग "पावसात जाऊन काय करणार?" असा प्रश्न आपल्या या फोरमवर येतो. तर एकदाच सविस्तर लिहितो. ज्यांना जास्त माहिती आहे त्यांनी भर घालावी.

पावसाची धास्ती आधी काढून टाका. एप्रिल आणि मे मिळून तिथे जेवढा पडतो तेवढा मुंबईत एकट्या जुलैत पडतो. सर दणदणीत येते, तास-दोन तास झोडपते आणि ऊन पडतं. कधी दोन दिवस सूर्य दिसत नाही हेही खरं. पण पाण्याखाली उतरणाऱ्याला वरच्या पावसाशी फारसं देणंघेणं नसतं. त्याची गाठ वाऱ्याशी आणि ओहोटीशी.

वारे दोन. डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत ईशान्येचा कस्काझी. एप्रिलपासून आग्नेयेचा कुसी, जो जून ते ऑगस्टमध्ये भरात असतो. मधला एप्रिल म्हणजे वारा बदलण्याचा काळ, त्यामुळे गंमत अशी की सगळ्यांत पावसाळी महिन्यात समुद्र बरेचदा सपाट असतो. मे उजाडला की पाऊस उतरू लागतो पण कुसी चढतो. म्हणजे एप्रिलमध्ये भिजाल, मे अखेरीस हिंदकळाल. डाइव्हिंगच मुख्य असेल तर मी एप्रिल निवडेन. किनाऱ्यावर पाय पसरून बसायचं असेल तर मे अखेर.

आता किनारा. कुसी आग्नेयेचा असल्यामुळे पाजे, जंबियानी, ब्वेजू ही पूर्वेची गावं त्याच्या तोंडावर येतात. लाटा बाहेरच्या प्रवाळभिंतीवर फुटतात आणि वाहून आलेलं शेवाळ वाळूवर साचून कुजतं. उत्तर टोकाचं नुंगवी आणि त्याच्या पश्चिमेला वळलेलं केंडवा बेटाच्या आडोशाला राहतात. ऑफ-सीझनला मुक्काम इथेच करावा. पर्यटकी गजबज इथली सगळ्यांत वाईट, पण एप्रिलमध्ये तीही निम्म्यावर आलेली असते.

खाडीकाठ

ओहोटीचं मी लिहितो, कारण निम्म्या लोकांची सहल तिथेच बिघडते.

झांझिबारला दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो. पूर्व किनारा उथळ असल्यामुळे तेव्हा पाणी किलोमीटरभर, काही ठिकाणी त्याहूनही आत सरकतं. ब्रोशरमधला निळाशार समुद्र खिडकीतून दिसत नाही, दिसते ओली वाळू, डबकी आणि समुद्री शेवाळाची शेती करणाऱ्या बायका. नुंगवी-केंडव्याला तळ लवकर खोल होतो, त्यामुळे तिथे ओहोटीलाही बऱ्यापैकी पोहता येतं.

कोकणातल्या माणसाला हे सोपं आहे. कालनिर्णय काढा. तिथे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी सकाळी दहा-अकराला आणि पुन्हा रात्री दहा-अकराला लागते, भरती पहाटे आणि दुपारी चारच्या आसपास. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकत जायचं. म्हणजे अष्टमीला चित्र उलटं होतं : सकाळी दहाच्या सुमारास भरती, ओहोटी दुपारी चारला, आणि तीही भांगाची, पाणी फार मागे न जाणारी. खरा भांग अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी असतो, तसंच सगळ्यांत मोठं उधाणही पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी.

याचा अर्थ, डाइव्हिंगचे दिवस अष्टमी ते एकादशीच्या दरम्यान बसवा. तिन्ही गोष्टी जुळतात. पाण्याला ओढ कमी, गाळ कमी ढवळला जातो म्हणून दिसतं लांबवर, आणि सकाळी बोट निघते तेव्हा किनाऱ्याला पाणी असतं. ईशान्य किनाऱ्यावरच्या मटेम्वेला उधाणाच्या ओहोटीत बोट उभी असते लांब, आणि सिलिंडर खांद्यावर घेऊन अर्चिनांतून (तळावरचे काटेरी गोळे) वाट काढत तिथवर जावं लागतं. पौर्णिमेचे दिवस स्टोन टाउन या जुन्या शहरासाठी, जोझानीच्या जंगलासाठी ठेवा.

तिथी हा अंदाज. जाण्याआधी झांझिबार बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक नेटवर बघून तास पक्के करा.

मीनल_आर

खूप उपयोगी. दोन प्रश्न. अकरा वर्षांचा मुलगा आणि पोहता न येणारे मोठे असतील तर काय करता येईल? आणि डाइव्हिंग नक्की कुठे करायचं, नावं द्या ना. प्रत्येक दुकान "म्नेंबा, म्नेंबा" करतं.

कातळखडप

मीनलताई, म्नेंबा करतात कारण चांगलं आहे. ईशान्येला मटेम्वेसमोर छोटं बेट आणि त्याभोवतीचं प्रवाळ, संरक्षित क्षेत्र, त्याचं शुल्क वेगळं. मटेम्वेहून बोटीने वीसेक मिनिटं, नुंगवीहून पाऊण ते एक तास. तिथे उतरायच्या दोन जागा सांगतो. एक म्हणजे वटाबोमी : उतरता वाळूचा आणि प्रवाळाचा तळ, कासवं हमखास, नवख्यांना योग्य. दुसरी किचवानी : कडा आहे, खाली खोल जातो, प्रवाह असेल तर त्याच्याबरोबर वाहत जायचं. दुकानाला विचारायचा प्रश्न "म्नेंबाला नेता का?" असा नको. "त्या दिवशी कुठल्या बाजूला उतरवणार आणि वारा फिरला तर पर्याय काय?" हा विचारा. ज्याला उत्तर येत नाही त्याच्याकडे जाऊ नका.

नुंगवीजवळची हुंगा वगैरे ठिकाणं उथळ, जवळ आणि स्वस्त. दिवस खराब असेल तर तीच बरी. उत्तरेला उंगुजा (झांझिबारचं मुख्य बेट) आणि पेंबा बेटाच्या मध्ये लेव्हन बँक आहे. समुद्रतळातून वर आलेला, पाण्याखालचा उंचवटा, जोरदार प्रवाह, मोठे मासे. ते फक्त अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स झालेल्यांनी आणि तेही भांगाला. उधाणाच्या दिवशी कुणी "चला लेव्हनला" म्हणाला तर त्याला सरळ नाही म्हणा.

स्टोन टाउनसमोर बावे, मुरोगो, पांगे ही ठिकाणं आहेत आणि ग्रेट नॉर्दर्न या जुन्या केबल-जहाजाचा सांगाडा साधारण बारा मीटर खोलीवर. पण मसिकात इथे एक भानगड आहे. शहराचं सांडपाणी आणि पावसाचं पाणी इथेच समुद्रात येतं. मोठ्या पावसानंतर दोन दिवस तरी इथे उतरू नये, कानाचे आणि पोटाचे विकार हौसेने विकत घेण्यासारखं आहे ते. पूर्वेकडे जमीन सच्छिद्र प्रवाळखडकाची, पाणी जागीच मुरतं, नद्या जवळपास नाहीतच. म्हणून त्याच पावसात म्नेंबा स्वच्छ आणि शहरासमोर गढूळ, असं होऊ शकतं.

मसिकात दहा ते वीस मीटर दिसलं तर समाधान माना. पाणी मात्र अठ्ठावीस-एकोणतीस अंश, वर्षातलं सगळ्यांत उबदार. तीन मिलिमीटरचा वेटसूट पुरतो. ऑगस्टमध्ये पंचविसावर येतं तेव्हा पाच मिलिमीटरचा लागतो. पाण्यापेक्षा बोटीवर जास्त थंडी वाजते, भिजलेल्या अंगावर वारा आणि पाऊस. पातळ विंडचीटर कोरड्या पिशवीत ठेवा.

सागरगोटा

मुलाचं सांगतो. पॅडी (PADI, डाइव्हिंग शिकवून प्रमाणपत्र देणारी संस्था) हिच्या नियमाने दहा वर्षं पूर्ण असलेल्याला ज्युनिअर ओपन वॉटर हा पहिला कोर्स करता येतो. दहा-अकरा वर्षांच्यांना बारा मीटरची मर्यादा. त्यासाठी दोनशे मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं आलं पाहिजे, वेळेचं बंधन नाही. मोठ्यांना पोहता येत नसेल तर कोर्स होणार नाही. डिस्कव्हर स्कूबाला, म्हणजे कोर्स न करता घ्यायच्या चाखून बघायच्या डाइव्हला, पोहण्याची परीक्षा नसते, पण पाण्याची भीती असलेल्या माणसाला पहिल्यांदा खुल्या समुद्रात, हलत्या बोटीवरून उतरवणं मला पटत नाही. आधी आपल्याकडे तरणतलावात चार दिवस घालवा.

कोर्स करायचाच तर तिथले तीन दिवस खोलीत व्हिडिओ बघण्यात घालवू नका. थिअरी घरून ऑनलाइन उरका. पुण्या-मुंबईत किंवा तारकर्लीत तलावातली सत्रं करून रेफरल (उरलेला कोर्स दुसरीकडे पुरा करायचं पत्र) घेता येतं, ते बारा महिने चालतं. तिथे मग समुद्रातल्या चारच डाइव्ह उरतात, दोन दिवसांचं काम.

पावटी

ऑफ-सीझनचा एक तोटा कुणी लिहिला नाही : माणसं कमी, त्यामुळे बोट भरत नाही. बहुतेक दुकानं किमान दोन किंवा तीन जण असल्याशिवाय म्नेंबाला बोट काढत नाहीत. बुकिंग घेतात आणि आदल्या संध्याकाळी "उद्या नाही, परवा बघू" होतं. दुसरा प्रकार जास्त वाईट : नवखे आणि जुने एकाच गाईडच्या गळ्यात. मग पन्नास डाइव्ह झालेला माणूस आठ मीटरवर गोल गोल फिरतो. म्हणून बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या, की किमान किती जण, एका गाईडमागे किती, हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत की तारीख बदलून, आणि सागरी क्षेत्राचं शुल्क दरात धरलंय का. दोन डाइव्हची म्नेंबा-फेरी साधारण सव्वाशे ते दीडशे डॉलरच्या आसपास असते. फारच स्वस्त सांगितलं तर काहीतरी वगळलेलं असतं. मुक्काम किमान सहा-सात रात्रींचा ठेवा, म्हणजे दोन दिवस वाया गेले तरी चालतं.

रेग्युलेटरवाला

आणि सामान पडून असतं! हे ऑफ-सीझनचं खरं दुखणं. आठवडाभर न वापरलेला बीसीडी (तरंगण्यासाठी हवा भरायचं जाकीट) म्हणजे आत मीठ धरलेला बीसीडी. भाड्याचं सामान किनाऱ्यावर हातात आलं की घाई न करता एवढं बघा :

बीसीडी पूर्ण फुगवा आणि पाच मिनिटं तसाच ठेवा, मऊ पडतोय का ते बघा. इन्फ्लेटरचं बटण दाबून सोडा. सोडल्यावरही हवा आत जात राहिली तर मीठ अडकलंय, तो बीसीडी परत द्या. पाण्यात हेच झालं तर माणूस फुग्यासारखा वर जातो. तेव्हा होज (हवेची नळी) उपसायची आणि हवा सोडायची. ती जोडणी हाताने सुटते का, हे जमिनीवरच करून बघा.

सिलिंडरची झडप पूर्ण उघडा आणि मीटरकडे बघत रेग्युलेटरमधून तीन-चार मोठे श्वास घ्या. काटा श्वासागणिक खाली-वर हलला तर झडप अर्धवट उघडी आहे, किंवा आतली जाळी तुंबली आहे. वर चालतं, वीस मीटरवर हवा अपुरी पडते. भरलेलं सिलिंडर दोनशे बारच्या आसपास असावं, एकशे सत्तर दिसलं तर बदलून मागा. हवेचा वास घ्या. तेलकट किंवा धुरकट वास आला तर त्या सिलिंडरला हात लावायचा नाही. मात्र कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, त्यामुळे कॉम्प्रेसर कुठे आहे आणि त्याचं हवा ओढणारं तोंड जनरेटरच्या धुराजवळ तर नाही ना, हे बघून यायला लाजू नका. पावसात वीज गेली की जनरेटर चालतो, म्हणून हे लिहितोय.

माउथपीसची चावायची टोकं तुटकी नाहीत ना. ओ-रिंग चिरलेली नाही ना. स्वतःचा रेग्युलेटर डिन जोडणीचा असेल तर योकचा अडॅप्टर घेऊन जा, तिथे अ‍ॅल्युमिनियमची योक झडपेची सिलिंडरं सर्रास असतात. मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर मात्र स्वतःचे असावेत. बाकी सगळं भाड्याने चालतं.

डॉ_शेवंती

वैद्यकीय बाजू थोडक्यात. मलेरिया झांझिबारला मुख्य भूमीपेक्षा बराच कमी असला तरी संपलेला नाही आणि मसिकात डास वाढतात. प्रतिबंधक गोळी घेताना डॉक्टरांना "मी डाइव्हिंग करणार आहे" हे आवर्जून सांगा. मेफ्लोक्विन डायव्हरला देत नाहीत, कारण चक्कर आणि मानसिक दुष्परिणाम, जे पाण्याखाली वेगळे ओळखू येत नाहीत. डॉक्सिसायक्लिन चालतं, पण उन्हाने कातडी भाजते. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल बहुतेकांना सोसतं. परत आल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर रक्त तपासा आणि प्रवासाचं सांगा, "व्हायरल असेल" म्हणून बसू नका.

कान : रोज दोन-दोन डाइव्ह आणि दमट हवा, म्हणजे बाहेरच्या कानाला बुरशी आणि जंतूंचं आमंत्रण. प्रत्येक डाइव्हनंतर गोड्या पाण्याने कान धुवा, मान तिरकी करून निथळू द्या, काडी घालू नका. पडद्याला भोक नसेल तर अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे थेंब चालतात. सर्दी असेल तर डाइव्ह नाही. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरलात आणि खाली तिचा असर संपला, तर वर येताना कानातली किंवा सायनसमधली हवा अडकते.

उथळ पाण्यात जाड तळव्याचे बूट घाला. अर्चिनचा काटा सुईने खोल उकरू नका, मोडून आत जातो. दगडमासा किंवा लायनफिशचा काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण पंचेचाळीस अंश, तासभर बुडवून ठेवा. वेदना झपाट्याने उतरते. पाणी आधी न दुखणाऱ्या हाताने तपासा, दुखणाऱ्या पायाला चटका कळत नाही.

पत्ता_बदलला

कागदपत्रं. भारतीय पासपोर्टला टांझानियाचा ई-व्हिसा, साधा एकदा प्रवेशाचा ५० डॉलर. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा, तशाच दिसणाऱ्या दलालांच्या साइट दुप्पट घेतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारला येणाऱ्या परदेशी पर्यटकाला तिथल्या सरकारी विमा कंपनीचा प्रवास विमा सक्तीचा आहे, प्रौढाला ४४ डॉलर, तुमचा स्वतःचा विमा असला तरी. तो घेतला म्हणून डाइव्हिंगचं काम झालं असं समजू नका. डीकम्प्रेशनचा (दाब भरकन उतरल्याने अंगात वायूचे बुडबुडे होण्याचा) उपचार आणि विमानाने हलवण्याचा खर्च धरणारा डाइव्ह विमा वेगळा घ्या, डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या संस्थेसारखा. आणि दुकानाला विचारा की त्यावर उपचार करणारी, जवळची चालू स्थितीतली रीकम्प्रेशन चेंबर आज कुठे आहे.

पिवळा ताप : नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जात असाल तर लस घ्याच, निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रात. केनिया आणि इथिओपिया भारताच्या यादीत आहेत. विमानतळाबाहेर न पडलेल्या ट्रान्झिट प्रवाशाला सूट मिळू शकते, पण ती आरोग्य अधिकाऱ्याने मान्य केली तर. नाही केली तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. २०१६ पासून हे पिवळं कार्ड जन्मभर चालतं, त्यामुळे एकदाचं घेऊन टाकावं.

खाडीकाठ

सफारी जोडणाऱ्यांसाठी : आधी सेरेंगेटी-एन्गोरोंगोरो, मग समुद्र. उलटं करू नका. एन्गोरोंगोरोचा कडा सव्वादोन हजार मीटरच्या वर आहे. डाइव्हनंतर लगेच तिथे चढणं म्हणजे विमानात बसण्यासारखंच, आणि बेटावरून निघणारी छोटी विमानंही केबिनचा दाब राखत नाहीत. एका डाइव्हनंतर किमान बारा तास, रोज किंवा अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान अठरा. शेवटचा पूर्ण दिवस कोरडा ठेवा, हिशोबच नको. किलिमांजारोवाल्यांना हेच दुप्पट जोरात.

फोडणीचा_भात

शाकाहारींचं काय?

पावटी

उपाशी राहणार नाही. नारळाच्या दुधातला राजम्यासारखा माहारागे, नारळी भात, चपाती (हो, चपातीच म्हणतात), म्चिचा म्हणजे माठासारखी पालेभाजी, कसाव्याचे तळलेले तुकडे. स्टोन टाउनमध्ये गुजराती वस्ती जुनी आहे, तिथे थाळी मिळते. उरोजो हे आंबटसर कैरीचं सूप, त्यात भजी-बटाटा घालतात, मांस वगळायला सांगा. सुकवलेली बारीक मासळी भाजीत पडू शकते, म्हणून "मासे नको, मांस नको, रस्साही मांसाचा नको" असं तिन्ही सांगा. ऑफ-सीझनला केंडव्याच्या काही खानावळी चक्क कुलूपबंद असतात, हॉटेल घेताना रात्रीचं जेवण धरलेलं घ्या. थेपले, मेतकूट न्याच.

माफियाप्रेमी

मला वेगळंच म्हणायचंय. डाइव्हिंगच करायचं तर झांझिबार सोडा, दक्षिणेला माफिया बेटावर जा. १९९५ पासून तिथे मरीन पार्क आहे, चोले खाडीतलं प्रवाळ म्नेंबापेक्षा उजवं आणि गर्दी शून्य.

कातळखडप

माफिया उत्तमच, पण धाग्याचा विषय एप्रिल-मे आहे. तेव्हा तिथल्या बऱ्याच लॉज बंद असतात आणि देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, ऑक्टोबर ते फेब्रुवारी-मार्चच्या असतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर नक्की माफिया. नोव्हेंबरात वुलीचा छोटा पाऊस असतो, पण तो मसिकापुढे किरकोळ. पेंबाचंही तसंच : पाण्याखालच्या प्रवाळभिंती अप्रतिम, पण कुसी चढला की उत्तरेकडची खाडी ओलांडणं पोटातलं बाहेर काढतं.

पत्ता_बदलला

फुटकळ : गाडी घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवान्याबरोबर झांझिबारचा स्थानिक परमिट लागतो, गाडी देणारा काढून देतो. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून. पोलीस जागोजागी अडवतात, कागद हाताशी ठेवा. मसिकात मुख्य रस्ते ठीक, गावात शिरणारे कच्चे रस्ते गुडघाभर पाण्यात, छोटी गाडी तिथे घालू नका. सामान नसेल तर स्टोन टाउन ते नुंगवी ११६ नंबरची दालादाला (स्थानिक मिनीबस) आहे. प्लग तीन चौकोनी पिनांचे, ब्रिटिश पद्धतीचे. प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी, ओले कपडे ठेवायला कापडी पिशव्या न्या. गावातून जाताना खांदे-गुडघे झाकलेले असावेत.

मीनल_आर

बोटीची वेळ स्थानिक माणसाने "सा म्बिली" सांगितली तर म्हणजे किती वाजता?

पत्ता_बदलला

सकाळचे आठ. तिथे दिवस सहाला सुरू धरतात, म्हणून सांगितलेल्या तासात सहा मिळवायचे. दुकानवाले पर्यटकांशी आपल्याच घड्याळाने बोलतात, पण नावाड्याशी थेट ठरवलं तर "आठ, सकाळी, नाश्त्यानंतर" असं खुणेने पक्कं करा. फोन भारतीय वेळेवर राहिला असेल तर अडीच तास मागे घ्या.